नुसती हवा की खरंच भारी? भयकादंबरीकारावर वाद घालण्याची रीत

"स्टीफन किंगची नुसती हवा केलीय ओ," हे अमेरिकन भयकादंबरीकाराबद्दलचं वाक्य कोल्हापुरातल्या कुठल्याही वाचनकट्ट्यावर टाकून बघा. दहा मिनिटांत निम्मी मंडळी सिनेमांवर बोलायला लागतात, दोघं-तिघं आपल्या मराठी भयकथाकार नारायण धारपांकडे वळतात, एखादे काका "भुताखेताचं कसलं साहित्य" म्हणून मोकळे होतात, आणि ज्या पोराने खरोखर पंधरा-वीस पुस्तकं वाचलेली असतात तो कोपऱ्यात गप्प बसून राहतो. चहा संपतो, वाद झाला असं सगळ्यांना वाटतं, आणि कुणाच्याही मतात तसूभर फरक पडलेला नसतो.

हा वाद नीट घालता येतो. तयारीला सहा आठवडे, बैठकीला अडीच तास, माणसं दहा ते चौदा. इथली उदाहरणं मुख्यतः किंगची आहेत, कारण त्याच्याबाबतीत नाव आणि लिखाण वेगवेगळं तपासायला भरपूर पुरावा हाताशी आहे. धारप किंवा आणखी कुणी लेखक निवडला तरी रीत हीच.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. एखादा लेखक वाजवीपेक्षा जास्त डोक्यावर घेतलाय असं म्हणणं म्हणजे तो वाईट लिहितो असं म्हणणं नव्हे. नाव एवढं, लिखाण तेवढं, आणि मधे फरक अमुक, असा तो दावा असतो. म्हणून मापं दोन घ्यावी लागतात आणि ती एकमेकांत मिसळू द्यायची नसतात. बहुतेक बैठका फसतात त्या इथेच: एकजण खपाबद्दल बोलत असतो, दुसरा वाक्यांबद्दल, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा आपल्याला खोडून काढतोय.

ठराव लिहून काढा

"किंग ओव्हररेटेड आहे का?" हा प्रश्न ठेवू नका. याला हो किंवा नाही म्हणायला पुस्तक उघडावंच लागत नाही. त्याऐवजी एका वाक्याचा ठराव लिहा, ज्यात काळ, लेखनप्रकार आणि कुणाच्या मते मोठा, या तीनपैकी निदान दोन गोष्टी येतील. उदाहरणार्थ: "किंगच्या कथा त्याच्या कादंबऱ्यांपेक्षा सरस आहेत, नाव मात्र कादंबऱ्यांवर उभं आहे." किंवा: "समीक्षकांनी त्याला १९८५ पर्यंत कमी लेखलं आणि २००३ नंतर जास्त." किंवा: "सातशे पानांवर गेलेली त्याची कुठलीही कादंबरी शेवट सांभाळू शकत नाही." यातला एकही ठराव पूर्ण खरा नाही. म्हणूनच ते कामाचे आहेत.

ठराव सहा आठवडे आधी ग्रुपवर टाका आणि त्यानंतर त्यातला शब्दही बदलू नका. बैठकीच्या आदल्या रात्री कुणीतरी "म्हणजे भयकथाच धरायच्या ना?" असं विचारतोच. त्याचं उत्तर ठरावातच हवं. किंगच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे: 'डिफरंट सीझन्स' या १९८२ च्या पुस्तकात चार लघुकादंबऱ्या आहेत, त्यातल्या दोन शॉशँकच्या तुरुंगाची आणि प्रेत शोधायला निघालेल्या चार पोरांची गोष्ट सांगतात. दोन्हींत भूत औषधालाही नाही. चाहते हमखास हेच पुस्तक पुढे करतात आणि विरोधक म्हणतात, "मग तो भयकथाकार म्हणून भारी कसा?" दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या ठरावावर बोलताहेत.

काय वाचायचं, किती वाचायचं

प्रत्येकाने तीन गोष्टी वाचायच्या: सगळ्यांसाठी समान अशी एक कादंबरी, समान अशा दोन कथा, आणि आपल्या आवडीचं एक पुस्तक. यापेक्षा जास्त ठरवलं तर निम्मे लोक वाचून येत नाहीत, आणि न वाचता आलेला माणूस बैठकीत सगळ्यात जास्त बोलतो.

कादंबरी निवडताना पानं मोजा. १९७४ ची 'कॅरी' पहिल्या आवृत्तीत १९९ पानांची होती, १९८६ ची 'इट' ११३८ पानांची. सवय असलेला मराठी वाचक इंग्रजी कादंबरीची तासाला तीस ते पस्तीस पानं वाचतो. म्हणजे 'इट'ला तेहेतीस ते अडतीस तास. नोकरी, घर, पोरांच्या परीक्षा सांभाळून रोज तासभर वाचणाऱ्याचा सव्वा महिना एकट्या पुस्तकात गेला. समान कादंबरी म्हणून 'कॅरी', 'मिझरी' (१९८७) किंवा 'पेट सेमेटरी' (१९८३) घ्या. जाडजूड पुस्तकं 'आपल्या आवडीचं' या खात्यात राहू द्या. कथांसाठी १९७८ चा 'नाइट शिफ्ट' हा संग्रह पुरेसा आहे.

'कूजो' (१९८१) समान पुस्तक म्हणून निवडू नका. दारूच्या व्यसनाच्या काळात लिहिलेली ही कादंबरी आपल्याला लिहिल्याची फारशी आठवत नाही, असं किंगने स्वतःच 'ऑन रायटिंग' या २००० सालच्या पुस्तकात सांगितलंय. हे एकदा कुणी बोललं की पुढचा तासभर व्यसनावर चर्चा होते आणि पुस्तक बाजूला पडतं. वाचायला मात्र चांगली आहे.

भाषेचा प्रश्न आधीच सोडवा. काहीजण इंग्रजीत वाचतील, काही अनुवादात. अनुवाद वाचणाऱ्याने कथानक, पात्रं, भीतीची रचना आणि शेवट यांवर खुशाल बोलावं. लेखकाच्या वाक्यावर बोलू नये, कारण ते वाक्य अनुवादकाचं असतं. हा नियम सुरुवातीलाच सांगितला तर कुणाला अपमान वाटत नाही. मधेच सांगितला तर वाटतो. आणि पानांचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा संदर्भ देताना प्रकरण आणि प्रसंग सांगायचा.

समासात तीन अक्षरं

या सगळ्या रीतीत सगळ्यात जास्त फळ देणारं काम हे आहे, म्हणून त्याला वेळ द्या.

किंगने 'डान्स मकाब्र' (१९८१) या पुस्तकात भीतीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यात वरची धास्ती: काहीच दिसत नाही, दाराच्या पलीकडे काय असेल या विचारानेच अंग आक्रसतं. तिच्याखाली उघड भय: दार उघडतं आणि ते दिसतं. सगळ्यात खाली किळस: रक्त, मांस, आतडी. धास्ती साधली तर उत्तम, नाही तर भय दाखवीन, तेही जमलं नाही तर किळस आणीन, त्यात मला कमीपणा वाटत नाही, असा त्याचा साधारण सूर आहे. म्हणजे मोजपट्टी लेखकानेच हातात दिली आहे. तिचाच वापर करायचा.

समान कादंबरी वाचताना पेन्सिलने समासात 'ध', 'भ' किंवा 'क' लिहा. ग्रंथालयाची प्रत असेल तर कृपा करून तिच्यावर लिहू नका. कागदाची बोटभर पट्टी घालून तिच्यावर अक्षर आणि चार शब्द लिहा. नियम एकच: खूण त्याच क्षणी करायची, प्रकरण संपल्यावर आठवून नाही. आठवून केली की फक्त मोठे, दणदणीत प्रसंग लक्षात राहतात आणि 'भ' वाढतात. बारीक धास्ती विसरली जाते. जिथे कंटाळून पान उलटलं तिथे उभी रेघ मारा. ही चौथी खूण लोक लाजून करत नाहीत, आणि नेमकी तिचीच वादाला गरज असते.

पुस्तक संपलं की बेरीज करून ती एका कार्डावर लिहा: ध किती, भ किती, क किती, रेघा किती, आणि रेघा पुस्तकाच्या कुठल्या तिसऱ्या भागात जास्त आहेत. दहा-बारा कार्डं शेजारी ठेवली की जे दिसतं त्यावर बोलता येतं. बहुतेकांच्या रेघा मधल्या भागात आल्या तर "पाल्हाळ लावतो" या तक्रारीला आधार मिळाला. रेघा विखुरलेल्या असतील तर ती तक्रार पुस्तकाबद्दल कमी आणि वाचण्याच्या वेळेबद्दल जास्त सांगते. इचलकरंजीच्या एसटीत उभं राहून वाचणाऱ्याला आणि रात्री दिवा लावून वाचणाऱ्याला एकच प्रसंग सारखा लागत नाही, तेव्हा कार्डावर कुठे आणि कधी वाचलं तेही एका ओळीत लिहायला सांगा.

पाल्हाळाबद्दल एक चांगला पुरावा आहे. 'द स्टँड' १९७८ मध्ये प्रकाशकाच्या सांगण्यावरून कापून छापली गेली. १९९० मध्ये किंगने कापलेला बराचसा भाग परत घालून, सुमारे चारशे पानं वाढवून, ती पुन्हा आणली. एकाच कादंबरीच्या कापलेल्या आणि न कापलेल्या अशा दोन्ही आवृत्त्या क्वचितच मिळतात. कुणाकडे जुनी प्रत असेल तर सुरुवातीची तीस-चाळीस पानं दोन्हींतून वाचून या. आणि लक्षात ठेवा, हाच माणूस 'ऑन रायटिंग'मध्ये दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी असावा असं नव्या लेखकांना सांगतो. विरोधकांना हे फार आवडतं; त्यांना आवडू द्यावं.

नावं झाकून वाचन

चार उतारे निवडा, प्रत्येकी तीनशे शब्दांच्या आसपास. चौघांत प्रसंग साधारण सारखा हवा: एकटं माणूस रिकाम्या घरात शिरतंय, असं काहीतरी. दोन उतारे किंगचे, एक शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेचा (१९५९ ची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' घ्या, किंगनेही तिचं भरभरून कौतुक केलंय), आणि एक अशा लेखकाचा ज्याला कुणी भयकथाकार म्हणत नाही. सगळे एकाच भाषेत हवेत. तीन इंग्रजी आणि एक मराठी असेल तर लोक लेखकाला सोडून भाषेलाच गुण देतात.

माणसांची आणि गावांची नावं पांढऱ्या शाईने झाकून झेरॉक्स काढा. मेन, डेरी, कॅसल रॉक या किंगच्या गोष्टींतल्या ठिकाणांपैकी एक नाव दिसलं तरी चाहता ओळखतो आणि मग त्याचा चेहराच सगळं सांगतो. उताऱ्यांना अ, ब, क, ड म्हणा. एकाने चारही मोठ्याने वाचायचे, आवाजात चढउतार न करता. नाटकात काम केलेल्या माणसाला हे वाचन देऊ नका. कोल्हापुरात असा एकजण प्रत्येक कट्ट्यावर सापडतो आणि त्याच्या आवाजात किराणा मालाची यादीसुद्धा भीतीदायक वाटते.

ऐकून झाल्यावर प्रत्येकाने दोनच गोष्टी लिहायच्या: पुढचं पान वाचावंसं वाटलं का, आणि कुठलं एक वाक्य आठवतंय. गुण देऊ नका. दहापैकी सात आणि दहापैकी साडेसात यावर भांडण करण्यात अर्धा तास जातो.

यात हमखास होणारी गफलत म्हणजे निवड. चाहता उतारे निवडायला बसला तर किंगचं सर्वोत्तम पान आणि दुसऱ्याचं बेतास बात पान येतं. विरोधक बसला तर उलट. म्हणून किंगचे दोन उतारे दोन बाजूंनी एक-एक निवडायचे आणि बाकीचे दोन सूत्रधाराने.

निकाल बहुधा असा येतो: पुढचं पान वाचावंसं वाटण्यात किंगचे उतारे पुढे असतात, वाक्य लक्षात राहण्यात जॅक्सन. दोन्ही लेखकांचं बळ कुठे आहे हे यातून कळतं. किंग वाक्यावर थांबवत नाही, तो माणसाला पुढे ढकलत नेतो. ओळखीच्या वस्तू, दुकानातल्या मालाची नावं, डोक्यात मधेच घुसणारे विचार, यांच्या जोरावर. हे कसब कमी की जास्त, यावर मग भांडायला हरकत नाही.

सिनेमा बाहेर ठेवण्याची युक्ती

"शायनिंग वाचलंय ना?" असं विचारलं तर सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी विचारा, खोलीचा नंबर किती? कादंबरीत (१९७७) २१७ आहे, स्टॅन्ली क्युब्रिकच्या १९८० च्या सिनेमात २३७. 'मिझरी'साठी: लेखकाच्या पायाला कशाने इजा होते? पुस्तकात कुऱ्हाड, पडद्यावर घण. कुणाला लाजवायला हे प्रश्न नाहीत, म्हणून चारचौघांत विचारू नका. सूत्रधाराने आधी व्हॉट्सअॅपवर वैयक्तिक विचारावेत आणि सिनेमावाल्याला सांगावं, बाबा रे, तू सिनेमावर बोल पण आपण सिनेमावर बोलतोय हे आधी सांगून बोल.

क्युब्रिकचा सिनेमा किंगला आवडला नव्हता, हे जगजाहीर आहे. पुस्तकात बॉयलर फुटून हॉटेल जळतं, सिनेमात बाप झुडपांच्या चक्रव्यूहात गोठून मरतो. सिनेमा सरस वाटत असेल तर त्याचं श्रेय दिग्दर्शकाचं. पुस्तकाच्या नावावर ते जमा करू नये, आणि फसलेल्या सिनेमाचा दोषही पुस्तकावर टाकू नये. शेवट सांगितल्याची तक्रार करणाऱ्यांनी पुस्तकाचं साल पुन्हा बघावं.

शेवटाची परीक्षा

किंगवरचा सगळ्यात जुना आक्षेप म्हणजे त्याला शेवट जमत नाहीत. 'इट'च्या २०१९ च्या सिनेमात त्याने स्वतः छोट्या भूमिकेत येऊन याच आक्षेपावर विनोद करू दिलाय. पण "शेवट आवडला नाही" हे मत झालं. तपासायचं असेल तर अर्ध्या पानावर तीन उत्तरं लिहा. पहिल्या पन्नास पानांत पुस्तकाने कुठला प्रश्न उभा केला? शेवटाने त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं की दुसऱ्याच? आणि सुटका किंवा नाश पात्रांच्या कृतीतून आला की आभाळातून पडला?

'द स्टँड' या तिसऱ्या प्रश्नात नापास होते. तिथे अक्षरशः देवाचा हात येतो. 'पेट सेमेटरी' तिन्हींत पास होते, कारण बाप काय करणार हे वाचकाला शंभर पानं आधी कळलेलं असतं आणि तरी तो ते करतो. 'इट'वर एकमत होणार नाही. किंग आधी कथानक आखत नाही, एक परिस्थिती घेऊन पात्रं कुठे जातात ते बघत लिहितो, असं तो स्वतः सांगतो. सुरुवात आणि मधला भाग यामुळेच जिवंत होतो आणि शेवट यामुळेच कधीकधी घसरतो. चाहत्याने आणि विरोधकाने हे दोन्ही एकाच पद्धतीचे परिणाम आहेत हे मान्य केलं तर वाद एक पायरी वर जातो.

नावाचं माप

आता दुसरी बाजू, आणि इथे आकडे, सालं मिळतात.

१९७७ ते १९८४ या काळात किंगने रिचर्ड बाकमन या नावाने पाच कादंबऱ्या छापल्या. पहिल्या चार थेट स्वस्त कागदी बांधणीत आल्या, जाहिरात जवळजवळ नव्हती. पाचवी 'थिनर'. १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या पुस्तकाच्या दुकानातल्या एका विक्रेत्याने शैलीवरून आणि कागदपत्रांवरून गुपित फोडलं. किंगच्या सांगण्यानुसार 'थिनर' बाकमनच्या नावावर २८,००० प्रती खपली होती. खरं नाव कळल्यावर त्याच्या दहापट खपली. मजकूर तोच.

विरोधक हे घेऊन उड्या मारतील. त्यांना एवढंच विचारा: यावरून नाव विकतं हे कळलं, पण पुस्तक किती चांगलं आहे हे कळलं का? आणि एका अनोळखी लेखकाच्या जाड बांधणीच्या पुस्तकाच्या २८,००० प्रती जाणं हे कमी की जास्त? हा पुरावा दोन्ही बाजूंनी वापरता येतो, म्हणून तो बैठकीत उशिरा काढावा. सुरुवातीलाच काढला तर पुस्तकं उघडायची राहून जातात.

समीक्षकांचं माप वेगळं. २००३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशनने किंगला साहित्यातल्या योगदानासाठी पदक दिलं तेव्हा हॅरॉल्ड ब्लूम या समीक्षकाने जाहीर टीका केली: वाक्यागणिक, परिच्छेदागणिक, पुस्तकागणिक हा लेखक कमी पडतो, असा त्याचा रोख होता. त्याआधी १९९६ मध्ये 'द मॅन इन द ब्लॅक सूट' या कथेला ओ. हेन्री पुरस्काराचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. ती कथा 'न्यू यॉर्कर'मध्ये आली होती. तेव्हा "समीक्षक त्याला हिंगलत नाहीत" आणि "समीक्षकांनी डोक्यावर घेतलंय" ही दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या सालांना लागू पडतात. बोलणाऱ्याला साल विचारा.

धारप आल्यावर काय करायचं

ते येणारच. मराठी वाचक किंगवर बोलताना पंधराव्या मिनिटाला 'लुचाई' काढतो. नारायण धारप (१९२५–२००८) यांची ही कादंबरी किंगच्या १९७५ च्या 'सालेम्स लॉट'च्या सांगाड्यावर उभी आहे. आपल्याकडे एक गंमत होते: लायब्ररीतून आणलेली 'लुचाई' ज्याने शाळेत असताना वाचलीय, त्याला पुढे 'सालेम्स लॉट' वाचताना किंगनेच धारपांचं उचललंय असं वाटत राहतं.

इथे दोन आरोप वेगळे ठेवा. "दुसऱ्याचं घेतलं" हा श्रेयाचा प्रश्न आहे. "वाजवीपेक्षा जास्त मोठं नाव" हा दर्जाचा. पहिल्याचं उत्तर होकारार्थी आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप येत नाही. किंगनेही 'सालेम्स लॉट' ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला'ला समोर ठेवून लिहिल्याचं उघड सांगितलंय, आणि 'पेट सेमेटरी'मागे डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची १९०२ ची माकडाच्या पंजाची कथा स्पष्ट दिसते. श्रेय दिलं की नाही यावर जरूर बोला, पण त्याला वेगळी दहा मिनिटं द्या.

दर्जावर बोलायचं तर दोन्ही कादंबऱ्या वाचलेल्या दोघांना समोरासमोर बसवा आणि एकच प्रसंग द्या. किंगच्या कादंबरीत फादर कॅलहन या पाद्र्याच्या हातातला क्रॉस त्याची श्रद्धा डळमळताच निस्तेज होतो. हा पराभव पूर्णपणे कॅथलिक श्रद्धेवर उभा आहे. मराठी मातीत गोष्ट आणताना अशा प्रसंगांचं काय केलं: वगळले, बदलले, की त्यांच्या जागी आपल्याकडचं काही ठेवलं? जे ठेवलं ते तितकंच घाबरवतं का? रूपांतरकाराची ताकद अशाच जागी कळते. धारपांच्या स्वतंत्र वाटणाऱ्या कथांसाठी, 'समर्थ' मालिकेसाठी, हीच समासातली तीन अक्षरं वापरा. 'तुंबाड' (२०१८) या सिनेमामुळे धारपांचं नाव नव्या पिढीत पुन्हा फिरलं, पण सिनेमाचा नियम इथेही लागू.

रत्नाकर मटकरींना किंगच्या कादंबऱ्यांसमोर उभं करू नका. त्यांचा या प्रकारातला दबदबा गूढकथेचा आहे, म्हणून तुलना 'नाइट शिफ्ट'मधल्या कथांशी करा. कथा आणि हजार पानांची कादंबरी यांची तुलना केली की कथा नेहमीच नेटकी वाटते.

बैठक: जागा, वेळ, माणसं

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. तिथल्यासारखी शांत जागा मिळणार असेल तर ग्रंथपालांशी आधी बोलून घ्या. नाहीतर कुणाच्या तरी घरचा हॉल. रंकाळ्याच्या काठावर हा वाद घालू नका: वारा, भेळेच्या गाड्या, फिरायला आलेले ओळखीचे लोक, आणि झेरॉक्स उडून तळ्यात. रविवारी सकाळी नऊ ते साडेअकरा ही वेळ बरी. मिसळ नंतर. आधी खाल्ली तर दहा वाजता जांभया सुरू होतात.

गणपती आणि नवरात्रात ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये ठेवलीच तर पर्यायी तारीख आधीच सांगून ठेवा. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की पलीकडची मंडळी अडकतात. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा मोठा सामना असेल तो दिवसही टाळा.

अडीच तासांची वाटणी अशी: पहिली दहा मिनिटं चिठ्ठ्या, तीस मिनिटं झाकलेले उतारे, चाळीस मिनिटं समासातल्या खुणा, दहा मिनिटं चहा, तीस मिनिटं शेवट, वीस मिनिटं नावाचं माप, दहा मिनिटं पुन्हा चिठ्ठ्या. खुणांच्या फेरीत प्रत्येकाला तीन मिनिटं, मोबाईलवर घड्याळ लावून. घड्याळ सगळ्यांत वयाने मोठ्या माणसाच्या हातात द्या, म्हणजे सर किंवा मॅडमना थांबवायची वेळ पोरांवर येत नाही.

सूत्रधार असा निवडा ज्याला किंग थोडाफार आवडतो. कट्टर चाहता नको आणि न वाचलेलाही नको. त्याचं मुख्य काम "कुठल्या पुस्तकात?" हे दोन शब्द पुन्हा पुन्हा विचारणं. साठाहून अधिक कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाबद्दल "तो नेहमी असंच करतो" हे वाक्य चालू द्यायचं नाही.

कट्टर चाहत्याचं काय करायचं? पाटाकडील आणि शिवाजी मंडळाच्या फुटबॉल सामन्याला जसे लोक पेठ बघून बसतात, तसा तो बसलेला असतो. त्याला पुराव्याने हलवता येत नाही. त्याला उलट काम द्या: किंगचं सगळ्यात फसलेलं पुस्तक कुठलं आणि का, हे पाच मिनिटांत सांग. चाहत्याइतकी नेमकी टीका दुसऱ्या कुणाला जमत नाही, कारण त्याला कुठे दुखलं ते ठाऊक असतं. कट्टर विरोधकाला सर्वोत्तम पुस्तक सांगायला लावा. तो "एकही नाही" म्हणाला तर त्याचं मत खुशाल ऐका, पण त्याने समान कादंबरी पूर्ण केलीय का ते कार्डावर बघा.

"लोकप्रिय म्हणजे हलकंच" हे वाक्य कुणी टाकलं तर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. तो सगळ्याच लोकप्रिय लेखकांवरचा वाद आहे, त्यासाठी वेगळी बैठक लागेल आणि ती बहुधा भांडणातच संपेल.

चिठ्ठ्या

सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकाने त्याच चिठ्ठीवर, नाव न लिहिता, ठरावाला अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ ते लिहायचं. पहिलं मत वरच्या अर्ध्यात, दुसरं खालच्या. मधे चिठ्ठी स्वतःकडेच ठेवायची. शेवटी सूत्रधाराने बहुमत वाचून दाखवू नये. किती चिठ्ठ्यांत वरचं आणि खालचं मत वेगळं आहे, तेवढाच आकडा सांगावा. चौदांत तीन बदलल्या तर बैठक चांगली झाली. एकही बदलली नाही तर बहुधा ठराव फार ढोबळ होता किंवा समान पुस्तक बहुतेकांनी अर्धवट सोडलं होतं. कार्डांवरून दोहोंपैकी काय ते कळतं. दहाच्या वर बदलल्या तर उतारे कुणी निवडले होते ते तपासा.

कार्डं फेकू नका. पुढच्या वेळी धारप किंवा दुसरा लेखक घेतला की हीच माणसं, हीच तीन अक्षरं. दोन बेरजा शेजारी ठेवता येतात. तेव्हा प्रत्येक कार्डावर पुस्तकाचं नाव आणि आवृत्तीचं साल आजच लिहून ठेवा, वर्षाने ते कुणालाच आठवत नाही.